झाकणाची दुसरी किल्ली

वारजे,
२९ ऑगस्ट २०१६

यमुनाआक्का,
सप्रेम जयभीम.

ताजी बातमी अशी की गच्चीवरच्या, गरम पाण्यात बसायच्या टबाचं झाकण उचलायला विजेवर चालणारं यंत्र घ्यायचं ठरलं आहे. सौरभनं काल जेवताना सांगितलं, आज सकाळी दीक्षानं दुजोरा दिला. मुलगा आणि सून दोघंही एकच गोष्ट सांगतात असं या घरात क्वचित होतं, तेव्हा बातमी पक्की समज.

तू फोन उचलत नाहीस. दोनदा कात्रजला येऊन गेलो, दोन्ही वेळा कुलूप. शेजारच्या कांताबाई म्हणाल्या, "आत्ता तर होत्या की." इतक्या सफाईनं म्हणाल्या की तूच पढवलं असणार. म्हणून पत्र. वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात आयुष्य गेलं, यापलीकडे मला काही नीट येत नाही.

झाकण तुला आठवत असेल. थर्माकोलच्या दोन जाड फळ्या, वरून रेक्झिन, मधोमध घडी. या पावसाळ्यात शिवणीतून पाणी आत गेलं आणि थर्माकोलनं ते धरून ठेवलं. आता ते भिजलेल्या गादीसारखं झालं आहे. उचललं की आधी तोंडावर वाफ येते, मग वास. ओल्या गोधडीवर फिनेल ओतून ती पेटीत बंद करून ठेवली तर असा वास येईल. खालच्या बाजूला हिरवट-काळा चिकट थर आहे. दीक्षा म्हणते, "पप्पा, ते फक्त मॉइश्चर आहे." मी बोट लावून पाहिलं आणि साबणानं हात धुतला. मग पुन्हा धुतला. दुपारी पोळी मोडताना बोटांना तोच वास आला, तेव्हा पोळी बाजूला ठेवून चमच्यानं वरणभात खाल्ला.

हे झाकण उचलताना दीक्षाचं मनगट लचकलं. क्रेप बँडेज बांधून हिंजवडीला जाते आणि एका हातानं टाइप करते. म्हणजे गरज खरी आहे. हातानं ढकलायचा दांड्याचा लिफ्टरही मिळतो. पण सौरभ म्हणाला, "मग परत कुणाला तरी ढकलावंच लागणार ना? मोटरचा घेऊ." आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "पप्पा, तुम्ही बारीक अक्षरसुद्धा वाचता. कुठला घ्यायचा तो तुम्हीच ठरवा."

ज्या वस्तूकडे बघून मला मळमळतं, तिचं झाकण कसं उघडावं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं आहे. करतो. कामाला नाही म्हणायची सवय नाही.

आमच्याकडे राहायला आलेली तू अशी अचानक का गेलीस असं शेजारी विचारतात. मी गुडघ्याचं कारण सांगतो. गुडघा खरोखरच दुखत होता, त्यामुळे बातमी खोटी नाही. अपुरी आहे.

चौदा ऑक्टोबरला दरवर्षीसारखं एकत्र जेवायचं आहे. आपल्या अण्णांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला यंदा साठ वर्षं होतात. तू येशील ना, एवढं कळव.

तुझा,
सुखदेव


वारजे,
९ सप्टेंबर २०१६

आक्का,
जयभीम.

तुझं कार्ड काल मिळालं. ते हातात देताना पोस्टमन हसला, म्हणजे त्यानं ते आधीच वाचलं होतं. "झाकणाचं मला काय सांगतोस. पाणी का सोडलं ते लिही." डेअरीत दिवसभर कॅन धुवून रात्रशाळेत बसलीस, तिथं कमावलेलं अक्षर अजून तसंच ठसठशीत आहे. येणार की नाही, ते लिहिलेलं नाहीस.

उत्तर आज देत नाही, कारण माझ्याकडे ते नाही. तू गेलीस त्या रविवारी मी खाली पेपर वाचत होतो. पन्हाळीतून टबाचं पाणी गल्लीत पडताना ऐकलं आणि तू पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडताना पाहिलं. "कुठं निघालीस?" म्हणून विचारलं, तू "घरी" म्हणालीस. वर काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. विचारून लिहीन. तोवर झाकणाचंच ऐक, कारण त्यातूनही एक गोष्ट निघाली.

लिफ्टरवाले पोपटराव येऊन गेले. गळ्यात टाय, खिशात दोन फोन, बोलणं तीन भाषांत.

"सर, टबच्या लाइनमध्ये पुण्यात आपण नंबर वन. कुठंही विचारा."

"कुठं विचारू?" मी म्हटलं.

ते हसले आणि चित्रं दाखवायला लागले. प्रकार तीन आहेत. पहिल्यात मोटर झाकणाची घडी घालून ते टबाच्या मागं उतरवते. त्याला मागं मोकळी जागा लागते, आपल्याकडे तिथं सोलरची टाकी आहे. बाद. दुसऱ्यात चार कोपऱ्यांना चार खांब असतात आणि झाकण सबंधच्या सबंध वर जातं, मांडवासारखं.

"ऊन नाही, पाऊस नाही. खाली आरामात बियर, सर."

"या झाकणाच्या खालच्या अंगाला काय आहे ते पाहिलंत का?" मी म्हटलं. "ते बियरमध्ये ठिबकेल."

पोपटरावांनी झाकणाची एक कड उचलली आणि सोडून दिली. खिशातला रुमाल काढून हात पुसले. मग तो रुमाल परत खिशात ठेवावा की नाही, याचा विचार करत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "झाकण तर नवं घ्यावंच लागेल, सर." ते घेतो आहोत. नवं म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत नवं. खांबांचा प्रकार तसाही टेकडीकडून येणाऱ्या वाऱ्यापुढं टिकला नसता. तोही बाद.

उरला तिसरा. त्याला दोन्ही बाजूंना लोखंडी हात असतात, ते झाकण दुमडून बाजूला उभं धरतात. मध्ये कुणाचा हात आला तर मोटर थांबते. वीज गेली तर हँडल फिरवून उघडता येतं, त्यालाही आधी किल्ली लागते. किल्ली म्हणजे बटणाचा छोटा डबा, गाडीच्या किल्लीसारखा.

दीक्षा चित्रांवर वाकली. तिनं विचारलं, "याला लॉक आहे ना?"

"आहे ना, मॅडम. किल्लीशिवाय हलणार नाही. लहान मुलांची सेफ्टी."

"या घरात लहान मूल नाही," मी म्हटलं.

"तसं नाही, पप्पा. कोणीही येऊन उघडू नये म्हणून."

"कोणीही म्हणजे कोण?"

तिनं मनगटाचं बँडेज सोडलं आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं. "म्हणजे... कोणीही."

पोपटराव मध्ये पडले. "दोन किल्ल्या येतात, सर. एक साहेबांना, एक मॅडमना. नो टेन्शन."

टब आल्यापासून त्या दोघांखेरीज त्यात एकच माणूस बसलं आहे. ते माणूस कात्रजला राहतं आणि फोन उचलत नाही. याहून जास्त आज लिहीत नाही. अंदाज छापायची मला सवय नाही.

सुखदेव


वारजे,
१७ सप्टेंबर २०१६

आक्का,
जयभीम.

पाणी तेलामुळे सोडलं. सौरभनं स्वतः सांगितलं, आणि टबाच्या माहितीपुस्तकानं त्याला दुजोरा दिला आहे.

घडलं ते क्रमानं मांडतो, चुकलं तर कार्ड टाक. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गुडघे धरले म्हणून तू आमच्याकडे राहायला आलीस. शनिवारी सौरभच म्हणाला, "आत्या, टबात बस. गुडघे मोकळे होतील." तू विचारलंस, "एवढा मोठा हौद कशाला रे, बाबा? म्हैस आणणार आहेस का?" तो हसला. मग तू आईच्या रीतीप्रमाणं तिळाचं तेल कोमट करून मांड्यांपासून घोट्यांपर्यंत चोळलंस आणि परकर नेसून आत बसलीस. तेल न लावता गरम पाण्यात शिरणारं माणूस आपल्या घरात कधी झालं नाही, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बुडबुडे सुरू झाले तेव्हा तू "अगं आई गं, गुदगुल्या!" म्हणून ओरडलीस, ते मला खालपर्यंत ऐकू आलं. तुझं तसलं हसणं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर पिवळा फेस आला आणि कडेला तेलकट कंगोरा धरला. सौरभनं पाणी सोडलं. तू तिथंच दोरीवर साडी वाळत घालत होतीस. "का रे सोडलंस?" "खराब झालं, आत्या." मग हातमोजे घालून तो टब घासायला बसला. अर्धी ओली साडी तू पिशवीत कोंबलीस. एवढं मला दीक्षानं सांगितलं, आणि सांगताना तिनं काही गाळलं असेल असं वाटत नाही.

सौरभ म्हणाला, "पप्पा, त्यात पर्सनल काही नाही. तेलानं फिल्टर चोक होतो. आत्याला कसं सांगणार? तिला वाईट वाटलं असतं."

"मग आता तिला बरं वाटतंय का?"

"मी फोन केला होता. तिनं उचलला नाही."

हे खरं आहे, मी त्याचा मोबाइल पाहिला.

पुस्तकही वाचलं, सगळं. तेल, साबण, क्रीम, सगळ्यानं फेस येतो आणि फिल्टरला त्रास होतो, असं त्यात आहे. तेल थोडं असेल तर पाण्यावर स्पंज तरंगत ठेवा, तो तेल ओढतो. फार असेल तर पाणी बदला. थोडं की फार, ते पुस्तकात नाही. ते सौरभनं ठरवलं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे, आणि कागदावर ते बरोबर आहे. तरी मला ते वाचवत नाही. टब ओलांडून वाळत घातलेले कपडे आणायला जातो, तेव्हा श्वास रोखून जातो. कालपर्यंत वासामुळे जात होतो. आज कशामुळे ते सांगता येत नाही, म्हणून इथंच थांबतो.

लिफ्टरचा निर्णय अजून दिलेला नाही. सौरभ रोज विचारतो.

सुखदेव


वारजे,
२६ सप्टेंबर २०१६

आक्का,

मागच्या पत्रातली बातमी मागे घेतो. काल संध्याकाळी टबात एक मूल मुतलं आणि ओकलं, तरी पाणी सोडलेलं नाही. दुजोऱ्याला दुसरं कुणी शोधायची गरज नाही, मी तिथं खुर्ची टाकून बसलो होतो.

सौरभचे साहेब, बद्रीनाथ म्हणून आहेत, ते सहकुटुंब जेवायला आले होते. सौरभचं प्रमोशन त्यांच्या हातात आहे, त्यामुळे सकाळपासून घरात धावपळ. झाकण उचलायला मला आणि सौरभला दोघांनाही हात लावावा लागला, इतकं ते जड झालं आहे. साहेब भले आहेत, मला "सर, सर" म्हणत होते. ते पोट सांभाळत टबात उतरले. बाईंनी अंगाला कसलंसं पांढरं क्रीम थापलं होतं, त्या तशाच उतरल्या. पाण्यावर लगेच साय धरली. सौरभ म्हणाला, "काही नाही, मॅम, टबात चालतं सगळं."

त्यांचा मुलगा सोनू, पाचेक वर्षांचा. पावभाजी खाऊन पाण्यात उतरला आणि उड्या मारायला लागला. थोड्या वेळानं एकदम शांत झाला, चेहऱ्यावर समाधान. त्याची आई म्हणाली, "सोनू, सूसू किया क्या?" सोनूनं मान डोलावली. सगळे हसले. साहेब म्हणाले, "अरे, गंगा में सब चलता है." दीक्षासुद्धा हसली. सौरभ सगळ्यात मोठ्यानं हसला.

मग मशीननं बुडबुडे जोरात सोडले आणि सोनूला उमळून आलं. भाजीचा लाल तवंग पाण्यावर पसरत साहेबांच्या छातीपर्यंत गेला. त्यात वाटाणे होते, आक्का. मी पाहिले. एक वाटाणा बुडबुड्यांवर नाचत होता आणि कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

सगळे बाहेर आले. टॉवेल, "सॉरी, सॉरी", "अहो मुलंच ती". सौरभनं गाळणीनं दिसेल तेवढं काढलं आणि डब्यातली जंतू मारायची पांढरी पावडर पाण्यात ओतली. तिला ते शॉक म्हणतात. झाकण ओढलं. साहेबांना म्हणाला, "अर्ध्या तासात फ्रेश, सर. पाणी बदलायची गरजच नसते, टेक्नॉलॉजी आहे."

मग सगळे खाली येऊन श्रीखंड जेवले. मी डोकं दुखतंय म्हणून खोलीत गेलो.

आज सकाळी तो आणि दीक्षा त्याच पाण्यात बसले होते. चहा घेऊन.

तुझं कार्ड आलं नाही, तरी हे तुला कळायला हवं. पुढचं सौरभशी बोलून लिहितो.

सुखदेव


वारजे,
४ ऑक्टोबर २०१६

आक्का,
जयभीम.

लिफ्टर काल बसला, नव्या झाकणासकट. बसवला पोपटरावांच्या माणसांनी, चालवून पाहिला मी. निवड माझीच आहे, तिसरा प्रकार, कुलपाचा. का, ते शेवटी सांगतो.

त्याआधी सौरभशी झालेलं बोलणं. परवा सुट्टी होती. माहितीपुस्तक स्पंजाच्या पानावर उघडून मी त्याच्यापुढे ठेवलं.

"सोनूनं घाण केली तेव्हा पाणी का नाही सोडलंस?"

"पप्पा, शॉक टाकला ना. तेवढ्यासाठी आख्खा टब कोण रिकामा करेल?"

"आक्काच्या तेलासाठी केलास."

"तेल वेगळं असतं. ती केमिस्ट्री आहे."

"साहेबांच्या बाईंचं क्रीम कुठल्या विषयात येतं?"

तो वैतागला. "तुम्हाला सगळ्यात तेच दिसतं. जग कुठं गेलं, तुम्ही अजून तिथंच. मी आत्याला स्वतः बोलावलं होतं टबात! माझ्या मनात असतं तर बोलावलं असतं का?"

"नसतंस बोलावलं. ते मान्य."

"मग?"

मग मी त्याला तुझ्या हौदाची गोष्ट सांगितली. तू ती आईखेरीज कधी कुणाला सांगितली नाहीस हे मला माहीत आहे, मला आईनं सांगितली होती. तू लहान होतीस, उन्हात चालून आली होतीस, आणि पाटलाच्या वाड्यापुढं बैलांचा हौद भरलेला होता. त्यात तू कोपरापर्यंत हात बुडवलेस. कुणी मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. एका माणसानं येऊन हौदाचं बूच काढलं आणि सगळं पाणी तुझ्या पायांवरून वाहून जाऊ दिलं. मग त्यानं हौद घासायला घेतला. बैल तहानलेले उभे होते, ते थांबले. तू ओल्या पायांनी घरी आलीस आणि आईला विचारलंस, "पाणी का सोडलं?"

सौरभनं पुस्तक मिटून बाजूला सारलं. मग म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं. मी तसा विचारच केला नव्हता, पप्पा."

"त्या माणसानंही केला नसेल. त्याला करावा लागला नाही. हात आपोआप बुचाकडे गेला."

हे मी आवाज न चढवता बोललो. पण मला त्याची शिसारी आली, आक्का, पोटच्या पोराची. अण्णांच्या नातवाचा हात तिकडं गेला, आणि त्याला कळलंसुद्धा नाही. टबाच्या झाकणाला आतून जसा थर धरतो तसं काहीसं. वरून रेक्झिन चकचकीत.

दीक्षा दारात उभी होती. म्हणाली, "लॉक मी मागितलं होतं. सौरभनं नाही." एवढं बोलून ती तिथून गेली नाही. ते मी तिच्या बाजूनं धरतो.

आता निवडीचं. कुलपाचा प्रकार घेतला, कारण त्याच्याबरोबर दोन किल्ल्या येतात आणि दोन्हींचा अधिकार सारखा असतो. एकीनं बंद केलेलं झाकण दुसरीनं उघडतं, पहिलीला विचारावं लागत नाही. ही गोष्ट पत्रकाच्या सगळ्यात बारीक अक्षरात होती. एक किल्ली सौरभला दिली. दुसरी या रजिस्टर पाकिटात आहे. नाश्त्याच्या वेळी दोघांना सांगून पाठवतो आहे, चोरून नाही.

सौरभनं विचारलं, "आणि आत्या परत तेल लावून बसली तर?"

"तर तू स्पंज आणशील."

तू त्या पाण्यात बसावंस असं मला मुळीच वाटत नाही. ते पाणी घाण आहे. तुझ्यामुळे नव्हतं, आता आहे, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण बसायचं की नाही ते झाकणाबाहेर उभं राहून नाही ठरवायचं. किल्ली हातात घेऊन तू ठरव.

चौदा तारखेला आलीस तर इथं जेवू. आली नाहीस तर मी पिशवी भरून कात्रजला येतो. मग जेवणापुरता येणार नाही, राहायलाच येईन. कांताबाईंना सांगून ठेव की या वेळी "आत्ता तर होत्या" चालणार नाही.

तुझा,
सुखदेव


वारजे,
१२ ऑक्टोबर २०१६

आक्का,
जयभीम.

टबाचं पाणी आज सकाळी सोडलं. सौरभनं सोडलं. मी पन्हाळीखाली उभा राहून खात्री करून घेतली.

तुझं कार्ड काल संध्याकाळी आलं. जेवायला बसल्यावर मी ते दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. "किल्ली मिळाली. ते पोर ओकलं त्यानंतर पाणी बदललं का? नसेल तर आधी बदला. मी घाण पाण्यात पाय घालत नाही. तेल माझं मी आणीन."

आधी दीक्षा हसली. तिनं तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून बाहेर आलं. सौरभकडे पाहून म्हणाली, "घ्या. आता?" सौरभचे कान लाल झाले. त्यानं कार्ड मागून घेतलं, स्वतः वाचलं, उलटून पत्त्याची बाजूही पाहिली, जणू ते दुसऱ्या कुणाला असेल तर बरं.

"पप्पा, आत्या चिडलीय ना?"

"चिडलेलं माणूस तेल आणत नाही," दीक्षा म्हणाली.

सकाळी त्यानं ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि वर गेला. पाणी गेल्यावर तळाशी जे उरलं ते मी तुला सांगणार नव्हतो, पण ते कळण्याचा तुला हक्क आहे. केसांचे पुंजके होते. एक चिकटपट्टी होती, कुणाच्या तरी बोटावरची. राखाडी चिखलासारखा गाळ होता, आणि फिल्टरच्या जाळीत एक वाटाणा, फुगून पांढरा झालेला. सौरभनं हातमोजे शोधले, सापडले नाहीत. तसाच उकिडवा बसून घासायला लागला. मध्येच उठून कठड्यापाशी गेला आणि त्याला कोरडी ओकारी आली. मी त्याला पाणी दिलं. म्हणाला, "आम्ही रोज बसत होतो यात."

"हो," मी म्हटलं. "टेक्नॉलॉजी."

एवढं बोलल्यावाचून मला राहवलं नाही. तो पुन्हा घासायला बसला.

माझी किळस गेली असं समजू नकोस. टब नव्यानं घासला तरी मी त्यात पाय घालणार नाही. मला आपली बादली आणि तांब्या पुरे. सौरभवरचा राग मात्र थोडा ओसरला आहे, किती ते शुक्रवारी, चौदा तारखेला, कळेल.

नवं पाणी दुपारी भरून झाकण लावलं आहे, परवा सकाळपर्यंत ते तापेल असं सौरभ म्हणतो. स्पंज आणला आहे, दोन. तो तुला न्यायला गाडी घेऊन येतो म्हणत होता. मी म्हटलं, ती बसनंच येईल, तू थांब्यावर उभा राहा. तो राहणार आहे. दीक्षा सुट्टी घेते आहे. खीर तीच करणार, भाकरी तू येऊन कराव्यास अशी तिची इच्छा आहे. तिला जमत नाहीत हे तिनं प्रथमच कबूल केलं.

जेवणाआधी वंदना, मग जेवण, मग तुला वाटलं तर गच्ची. दीक्षानं विचारलं, "आत्या बसतील ना टबात?" मी म्हटलं, तिनं तसं कुठं लिहिलेलं नाही, पाणी बदला एवढंच लिहिलंय.

सौरभनं त्याची किल्ली मगाशी माझ्या टेबलावर आणून ठेवली. शुक्रवारपर्यंत झाकण आपण उघडायचं नाही म्हणाला. कारण त्यानं सांगितलं नाही आणि या वेळी मीही विचारलं नाही. तेव्हा तुझी किल्ली पिशवीत आठवणीनं घाल. शुक्रवारी झाकण त्याच किल्लीनं उघडायचं आहे.

सुखदेव